निलंबित इन्स्पेक्टर परत आला तेव्हा

मालिका बघताना मी बोलते. हे आधीच सांगून टाकलेलं बरं. सुरुवातीच्या नावांच्या पाट्यांपासून शेवटच्या पाट्या संपेपर्यंत माझं तोंड चालू असतं. हा आत्ता दार उघडेल, ही आत्ता खोटं बोलेल, हिच्या हातात मघाशी बांगड्या होत्या त्या आता कुठे गेल्या, असं सगळं. खुनी कोण ते मी पहिल्या पाच मिनिटांत सांगते, आणि चुकलं तर पुढच्या पाच मिनिटांत दुसरा सांगते. इंदूरला माझ्या माहेरी सगळेच असे. भोपाळला कारखान्याच्या टाउनशिपमध्ये, पिपलानीच्या क्वार्टरमध्ये आमच्याकडे टीव्ही आला तेव्हा मला धास्ती होती, की हे साताऱ्याकडच्या शांत घरातले, चार दिवसांत म्हणतील, बाई गं, तोंडाला जरा कुलूप घाल. पण कधी म्हणाले नाहीत. उलट माझ्याकडे वळून, माझ्या चेहऱ्याकडे बघत ऐकायचे. मी शेजारणींना तोऱ्यात सांगायचे, माझा नवरा माझं बोलणं किती कौतुकाने ऐकतो म्हणून.

टीव्ही होता लाकडी पेटीतला, शटरवाला. पट्ट्यापट्ट्यांचं सरकतं दार, त्याला इवलंसं कुलूप आणि त्याची पितळी किल्ली. कुलूप कुणी लावत नसे. किल्ली देव्हाऱ्यात पडून असायची.

तेव्हा टाउनशिपमध्ये मराठी घरं पुष्कळ होती. आमच्या मराठी मंडळाची बैठक महिन्यातल्या पहिल्या रविवारी, आळीपाळीने कुणाच्या तरी क्वार्टरमध्ये व्हायची. आधी गणपतीचं, कोजागिरीचं कामकाज. ते कसंबसं उरकायचं, कारण सगळ्यांचा जीव पुढच्या कार्यक्रमात अडकलेला असायचा. पुढचा कार्यक्रम म्हणजे पोहे, त्यावर जिरावण हा इंदुरी मसाला, चहा आणि मालिकांची चर्चा. महिनाभरात टीव्हीवर जी नवी मालिका सुरू झाली, जी जुनी परत आली, तिचा निकाल त्या बैठकीत लागायचा.

निकालाची पद्धत मात्र खास आमची. कारखान्यात तयार झालेला प्रत्येक जॉब, म्हणजे यंत्राचा भाग, तपासणीला जातो आणि त्याच्यावर तीनपैकी एक शेरा पडतो. पास, रीवर्क किंवा स्क्रॅप. पास म्हणजे पुढे जाऊ द्या, रीवर्क म्हणजे दुरुस्त करून आणा, स्क्रॅप म्हणजे भंगारात टाका. दिवसभर हेच करणारी माणसं रविवारी तरी वेगळं काय करणार? मालिकांनाही तेच शेरे. आणि कारणं द्यावी लागत. नुसतं ‘आवडली नाही’ म्हटलेलं चालत नसे.

एक हवेलीची मालिका होती, चार सुनांची. तिच्यात जिना एवढा दाखवायचे की नायिकेपेक्षा जिनाच जास्त दमला असेल. ती मी स्क्रॅप करून टाकली. शेजारच्या वहिनी रडवेल्या झाल्या, कारण धाकटी सून त्यांना आपल्या बहिणीसारखी वाटायची. एक नवी पोलिसांची मालिका आली, तिच्यातला साहेब शेवटच्या दोन मिनिटांत उगवायचा आणि सगळं घडाघडा सांगून मोकळा व्हायचा. अरे, मग तोवर कुठे होतास बाबा? रीवर्क. आणि परत आलेल्या मालिकांबद्दल माझं मत तेव्हा होतं तेच आजही आहे. परत आलेली मालिका म्हणजे माहेरी राहायला आलेली नणंद. पहिले दोन दिवस कौतुक, तिसऱ्या दिवसापासून तेच रडगाणं. नट बदलतात, घर बदलतं, मेलेली माणसं जिवंत होतात, आणि आपण मुकाट्याने मान्य करायचं. मी नाही करत.

आमच्या बैठकीची लाडकी होती ती निलंबित इन्स्पेक्टरची मालिका. कुणा बड्या माणसाच्या मुलाला हात लावला म्हणून नोकरीवरून निलंबित झालेला इन्स्पेक्टर. बहिणीच्या घरी राहतो, स्वतःच्या शर्टाची बटणं स्वतः शिवतो, आणि ज्यांना पोलिस दाद देत नाहीत अशा माणसांचे गुन्हे शोधतो. मारामारी नाही, गाणी नाहीत. रविवारी संध्याकाळी ती लागली की आमच्या रस्त्यावर कुत्रंसुद्धा फिरकत नसे.

आणि त्या मालिकेवरचा शेवटचा शब्द ह्यांचा असायचा. हे कारखान्याच्या फॅब्रिकेशन शॉपमध्ये होते. जाड पत्रे कापणं, ठोकणं, घासणं, जोडणं. तिथला गोंगाट मी एकदाच ऐकलाय, कारखाना बघायला घरच्यांना नेलं होतं तेव्हा. घरी येऊनही संध्याकाळपर्यंत माझं डोकं घणघणत होतं. तर असे हे, घरी मोजकं बोलणारे, पण बैठकीत सगळ्यांचं बोलून झालं की हळूच म्हणायचे, “तो भाचा खोटं बोलत होता. बोलताना त्याची बोटं बघितलीत?” कुणीच बोटं बघितलेली नसायची. “ती मोलकरीण घाबरलेली नव्हती, चिडलेली होती. पाय बघा तिचे.” पुढच्या भागात ते खरं निघायचं. लोक थक्क व्हायचे. मला तर आकाश ठेंगणं व्हायचं. वाटायचं, बघा, माझ्यासारखी बडबड नाही, पण नजर कशी आहे!

नजर होतीच. पण तिची त्यांना एवढी गरज का पडत होती, हे माझ्या लक्षात आलं नव्हतं.

ते लक्षात आलं कुकरच्या शिट्टीमुळे. त्या महिन्यातल्या गोष्टीत एका कारकुनाचा खून झालेला. त्याचा भागीदार म्हणतो, मी त्या वेळी ऑफिसात होतो, तिथून तुम्हालाच फोनही केला होता. तो फोन इन्स्पेक्टरच्या बहिणीच्या घरी टेप झालेला असतो. आपला इन्स्पेक्टर ती टेप पुन्हा पुन्हा ऐकतो, आणि एकदम त्याचा हात बटण शिवता शिवता थांबतो. बोलण्याच्या मागे कुकरची शिट्टी वाजते. ऑफिसात कुकर कुठून येणार? फोन घरून केलेला. भागीदार पकडला. बस्स, एवढंच. आम्ही सगळे खूश. मी त्या दिवशी नेमकी आमच्या स्वयंपाकघरात होते आणि शिट्टी ऐकून आपलाच कुकर झाला समजून गॅस बंद करायला धावले होते.

बैठकीत सगळ्यांनी एकमुखाने पास म्हटलं. मग नेहमीप्रमाणे ह्यांच्याकडे बघितलं. हे म्हणाले, “स्क्रॅप.”

“अहो, का?”

“सुगावाच दाखवला नाही. तो टेप ऐकतो, थांबतो, आणि एकदम भागीदाराच्या घरी जातो. कशावरून? आपल्याला काय दाखवलं? ही फसवणूक आहे प्रेक्षकांची.”

एकदम हशा पिकला. शेजारचे भावजी, म्हणजे त्या रडव्या वहिनींचे यजमान, ह्यांच्याच शॉपमधले, मांडीवर थाप मारून म्हणाले, “वा! दाखवला नाही, ऐकवला! क्या बात है!” सगळ्यांना वाटलं ह्यांनी विनोद केला. हेही हसले. पण मी त्यांची बायको. मला कळलं की हे सगळ्यांच्या तोंडांकडे बघून हसताहेत.

घरी येताना स्कूटरवर मागे बसून मी सगळं मागचं आठवत होते. त्या भागात मी स्वयंपाकघरात होते, म्हणजे माझी बडबड बंद होती. माझी बडबड बंद म्हणजे ह्यांचं ऐकणंही बंद. एवढी वर्षं मी जे कौतुक समजत होते ते कौतुक नव्हतंच. मी बोलत होते म्हणून त्यांना गोष्ट कळत होती.

दुसऱ्या दिवशी ते पेपर वाचत असताना मी मागे उभी राहून स्टीलचं ताट खाली टाकलं. आमची मुलगी, तेव्हा शाळेत होती, ती दचकून आतून धावत आली. ह्यांनी पान उलटलं. मी समोर जाऊन सरळ विचारलं, “तुम्हाला ऐकायला कमी येतं ना?”

“छे! लक्ष नव्हतं माझं.”

“डॉक्टरांना दाखवू या.”

“तुला सगळीकडे गुन्हाच दिसतो. मालिका कमी बघ.”

आणि उठून गेले. म्हटलं ठीक आहे, सावकाश घेऊ. मी काही लगेच हातघाईवर येणारी बाई नव्हे. पण आठवड्याच्या आतच शेजारच्या वहिनींनी मेंदीच्या कुंपणापलीकडून मला बोलावलं. चेहरा पांढराफटक. म्हणाल्या, “वहिनी, सांगू की नको असं झालंय. काल शॉपमध्ये वरून क्रेन येत होती. घंटा वाजवली, सगळे बाजूला झाले. तुमचे हे तिथेच उभे. आमच्या ह्यांनी कॉलर धरून मागे खेचलं. आमच्या ह्यांना आधी वाटलं, मुद्दामच थट्टा करताहेत. तुमचे हे म्हणालेत, आमच्या घरी नका बरं सांगू.”

अंगात वारं भरणं म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं. रडले नाही. कणीक मळायला घेतली आणि एवढी मळली की पोळ्या दगडासारख्या झाल्या. मनाशी एकच ठरवलं, हे आता माझ्याकडून सुटणार नाही. हा माणूस मला धडधाकट हवा, आणि ऐकणारा हवा.

रविवार आला. निलंबित इन्स्पेक्टर सुरू झाला. हे आपल्या खुर्चीत. मी उठले, टीव्हीचं शटर ओढून घेतलं आणि आवाज तसाच चालू ठेवून समोर उभी राहिले. लाकडाच्या आतून बोलणं येत होतं.

“काय पोरकटपणा चाललाय?” हे म्हणाले.

“सांगा, आत कोण बोलतंय.”

“शटर उघड.”

“आधी सांगा. इन्स्पेक्टर की त्याची बहीण? एवढंच सांगा, लगेच उघडते. एरवी बोटं बघून खुनी ओळखता ना? आज बोटांशिवाय ओळखा.”

मुलगी म्हणाली, “आई, तू तर ठाणेदारीण झालीस.” मी तिला डोळ्यांनी दटावलं. हे बराच वेळ त्या बंद शटरकडे बघत राहिले. मग पुढे झुकले. मान किंचित कलती केली. मला ते बघवेना, तरी मी हलले नाही. शेवटी अगदी खालच्या आवाजात म्हणाले, “कुणीतरी बोलतंय एवढं कळतं. गुणगुण होते. शब्द नाही कळत.”

आत इन्स्पेक्टर त्याच्या त्या खर्जातल्या आवाजात मोठं लांबलचक भाषण करत होता. मी टीव्ही बंद केला आणि जवळ जाऊन बसले.

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. शिट्ट्या आणि घंटा आधी गेल्या. मग बायकांचे आवाज पातळ झाले. माझा आवाज मोठा आणि चेहरा बोलका, त्यामुळे माझं चाललं. “डॉक्टरांकडे गेलो तर कागदावर येईल,” ते म्हणाले. “मग मला शॉपमध्ये ठेवणार नाहीत. टेबलाशी बसवतील. माझा जॉब डोळ्यांसमोर उभा राहतो ना, तो कुठल्याशा दुसऱ्या माणसाच्या हाताने उभा राहील आणि मी आकडे तपासत बसेन.”

“बसा ना मग. टेबलाशी बसलेला नवरा मला चालेल. क्रेनखाली आलेला नाही चालणार.”

भावजींनी सांगितलं हे त्यांना कळलं. मग म्हणाले, “उद्या पहिल्या पाळीला सांगून दवाखान्यात जातो.”

कारखान्याच्या दवाखान्यात काचेच्या खोलीत बसवून तपासणी झाली. डॉक्टर भला माणूस. म्हणाला, गेलेलं परत येणार नाही, उरलेलं सांभाळू. ह्यांना शॉपमधून काढून ड्रॉइंग तपासण्याच्या टेबलावर दिलं, आणि ऐकायचं मशीन मिळालं. तेव्हाची मशीनं ती. काड्यापेटीहून मोठा डबा शर्टाच्या खिशात, त्यातून वायर निघून कानात खुपसायचं बोंड. मी मनात म्हटलं, जिंकलीस बाई.

कसली जिंकते! ह्यांनी ते मशीन एकदा लावलं, आरशात बघितलं आणि काढून टॉर्चच्या जुन्या सेलांच्या ड्रॉवरमध्ये टाकून दिलं. “लोक म्हणतील ट्रान्झिस्टर ऐकत हिंडतोय. आणि त्यातून भांड्यांचाच आवाज येतो. तुझं बोलणं कळतं ना मला, बास झालं.”

आणि मग खरं दुःख सुरू झालं. क्रेनची भीती गेली होती, पण माणूस आक्रसत गेला. बैठकीला येईनात. आपली नजर म्हणून ज्याचं कौतुक व्हायचं ते कशामुळे होतं हे आता सगळ्यांना कळलंय, असं त्यांना वाटायचं. लग्नमुंजीला जाऊन कोपऱ्यात बसायचे. मालिकेवर मत विचारलं तर म्हणायचे, “तुम्हाला जास्त कळतं.” निलंबित इन्स्पेक्टर संपला तेव्हासुद्धा एक शब्द नाही. संध्याकाळी घरात माझाच आवाज, आणि तोही ओरडून. ज्याच्याशी भांडायचं, ज्याच्यावर कुरघोडी करायची, असं मत समोरून यायचंच बंद झालं. मला कुणाचं मत नकोय अशी माझी ख्याती असेल, पण ह्यांचं हवं होतं. मला माझा माणूस परत हवा होता.

समजावून झालं. रागावून झालं. मुलीकडून सांगवून झालं. शेवटी एका संध्याकाळी मी देव्हाऱ्यातली ती पितळी किल्ली घेतली, शटर ओढलं, कुलूप लावलं आणि किल्ली पदराच्या टोकाला बांधली. ह्यांच्यासमोर उभं राहून, त्यांना तोंड नीट दिसेल असं, सांगितलं, “मशीन कानाला लागेल त्या दिवशी हे उघडेल. तोवर ह्या घरात मालिका नाही. आणि आजपासून मी ओरडून बोलणार नाही. मी जशी बोलते तशी बोलेन. ऐकायचं असेल तर मशीन आहे.”

“बघू किती दिवस टिकतेस,” हे हसले. त्यांना माझं वेड माहीत होतं.

मलाही माहीत होतं. पहिला रविवार म्हणजे जन्मठेप. शेजारून पाट्यांचं संगीत येत होतं आणि मी अंगणात मुळ्याची भाजी निवडत बसले होते. वहिनींनी कुंपणावरून हाक मारली, “अहो या ना, हवेलीचा शेवटचा भाग आहे, धाकटी सून परत येतेय!” मी म्हटलं, “येऊ दे. मी तिला तेव्हाच स्क्रॅप केलीय.” खरं तर जीव नुसता तळमळत होता. मुलगी शेजारी जाऊन बघून यायची आणि सांगायला लागली की मी कानांवर हात ठेवायचे. लोकांना वाटलं टीव्ही बिघडला. भावजींनी तर बरखेड्याच्या बाजारातल्या टीव्ही मेकॅनिकला पाठवून दिलं. त्याला मी चहा पाजून परत पाठवलं. बैठकीत निकाल लागायचे आणि मी पोहे वाढत फिरायचे. कुणी मत विचारलं तर म्हणायचे, “बघितली नाही.” माझ्या तोंडून हे वाक्य ऐकून काही जणांनी मला बरं नाही का म्हणून चौकशी केली.

घरात मी बेताच्या आवाजात बोलत होते. हे अर्ध्या गोष्टींना “काय?” म्हणायचे. मी एकदाच तेवढ्याच आवाजात परत सांगायचे, मग नाही. फार कठोर वाटत होतं. कधी कधी स्वयंपाकघरात जाऊन मी डोळे पुसायचे. पण किल्ली सोडली नाही. दिवाळी गेली, संक्रांत गेली. शटरवर मी भरतकामाचा रुमाल टाकला आणि वर फुलदाणी ठेवली. ती फुलदाणी बघून हे पहिल्यांदा गंभीर झाले. त्यांना कळलं की हिने बस्तान बसवलं.

उन्हाळ्याच्या तोंडाला वहिनी कुंपणापाशी धावत आल्या. “वहिनी, बातमी! निलंबित इन्स्पेक्टर परत येतोय! नोकरीवर परत घेतलंय म्हणे त्याला. पण दुसऱ्या गावात, दुसऱ्या कामावर. येत्या रविवारपासून!”

परत आलेल्या मालिकांबद्दलचं माझं मत मी वर दिलंच आहे. पण हा इन्स्पेक्टर नणंद नव्हता. हा आमच्या घरचा होता. त्या रात्री जेवताना मी बेताच्या आवाजात म्हटलं, “निलंबित इन्स्पेक्टर परत येतोय. नोकरीवर घेतलं त्याला.” ह्यांनी “काय?” म्हटलं. मी पुन्हा तेवढ्याच आवाजात सांगितलं. त्यांना ऐकू गेलं की नाही ते समजलं नाही. ते ताटाकडे बघत जेवत राहिले.

तो आठवडा मी कसा काढला ते माझं मला माहीत. मन सारखं म्हणत होतं, अगं, एका भागासाठी उघड, देव काही रागावणार नाही. दुसरं मन म्हणत होतं, आज उघडलंस तर हा माणूस जन्मभर कोपऱ्यात बसेल. शनिवारी तर मी किल्ली वहिनींकडे ठेवायला निघाले होते, म्हणजे माझाच हात चुकायला नको. फाटकापर्यंत गेले आणि परत आले. म्हटलं, स्वतःवर एवढा भरवसा नसेल तर कसला हट्ट नि कसलं काय.

रविवारी संध्याकाळी मी मुद्दाम गॅसपाशी वरण फोडणीला टाकत उभी राहिले. शेजारी खुर्च्या सरकल्याचा आवाज आला. लोक जमत होते. बाहेरच्या खोलीत हे उठले, ड्रॉवर उघडला, पुन्हा बंद झाला. मी मागे बघितलं नाही. वेळ गेला. मग दारात येऊन उभे राहिले.

“किल्ली दे.”

मी वळले. इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता, बैठकीला जाताना घालायचे तो. खिशात तो डबा, आणि तिथून निघालेली वायर कॉलरजवळून वर कानात. चेहरा असा की मी एक शब्द बोलले असते तर परत काढून ठेवलं असतं. पदराची गाठ सोडवायला घेतली तर ती सुटेचना, एवढे दिवस बांधलेली. शेवटी त्यांनीच खाली वाकून दातांनी सोडवली.

फुलदाणी खाली उतरवली, रुमाल काढला, शटर सरकवलं. टीव्ही तापेपर्यंत आम्ही तिघं नुसते काचेकडे बघत बसलो. पाट्या सुरू झाल्या. हे एकदम म्हणाले, “ह्याला बासरी पण आहे होय?”

मुलगी हसली. मी मान डोलवली. मग इन्स्पेक्टर आला, केस थोडे पिकलेले, नव्या गावाच्या स्टेशनवर उतरला आणि हमालाशी बोलला. हे पुढे झुकून बसले. “एवढा घोगरा बोलतो हा? मला वाटायचं बारीक आवाज असेल.”

आणि तेवढ्यात मी सावरले. एवढ्या महिन्यांचं तुंबलेलं सगळं एकदम तोंडाशी आलं. हमालाच्या खांद्यावर लाल रुमाल होता आणि मला तो अजिबात आवडला नव्हता. मी ह्यांच्याकडे वळले, सवयीने आवाज चढवला आणि सुरू झाले, “तो हमाल बघा, तो हमाल! तो काही खरा हमाल नाही. त्याचे हात बघा, आणि आत्ता तो पेटी घेऊन…”

ह्यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. डोळे टीव्हीवर, एक हात वायरवर.

“अगं, जरा गप्प बस ना,” ते म्हणाले. “ऐकू दे.”

मुलीने दचकून माझ्याकडे बघितलं. आता आई फाडून खाणार, असं तिला वाटलं असणार. मी पदर तोंडाला लावला आणि गप्प बसले. पाट्या संपेपर्यंत गप्प बसले. डोळ्यांसमोर सगळं धूसर झालं होतं, त्यामुळे त्या भागात काय झालं ते मला आजतागायत ठाऊक नाही.

पुढच्या रविवारी बैठक होती. आम्ही दोघं गेलो. पोहे आले, चहा आला, आणि सगळ्यांनी सवयीने आधी माझ्याकडे तोंड वळवलं. इन्स्पेक्टर परत आलाय, तर बोला, पास की स्क्रॅप?

मी म्हटलं, “मला विचारू नका. ह्यांना विचारा. ह्यांनी ऐकलाय.”